तातोबाचं बोलणं

शालनचं पत्र आलं तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. आंतर्देशीय पत्र, अक्षर शाळेतल्यासारखं गोल, कागदावर रेघा नसूनही ओळी सरळ.

'घाटपांडे साहेब यांस शालन तातोबा कुंभार हिचा नमस्कार. आपली ओळख नाही. आमचे बाबा कारखान्यातून घरी बसले त्याला पाच महिने झाले. त्या दिवसापासून ते बोलत नाहीत. एक शब्दसुद्धा नाही. दोन दवाखाने केले. घशाला काही झालेले नाही म्हणतात. बाबांचे शेवटचे बोलणे तुमच्या प्रशिक्षणाच्या खोलीत झाले असे पाखरे टाइमकीपर यांच्याकडून कळले. तिथे बाबा काय बोलले व तुम्ही त्यांना काय बोललात, एवढे कृपा करून कळवावे. दुसरे काही मागणे नाही.'

खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या वाचून मी डबा तसाच झाकला.

उत्तर लिहायला त्या आठवड्यात मी तीनदा बसलो. 'चि. शालन हिस' एवढं लिहून व्हायचं आणि पुढं सुचायचं नाही. शेवटी पत्र एका जाड शब्दकोशात ठेवून दिलं. त्याला आता एकतीस वर्षं झाली.

घडलं ते असं. मला ते नीट सांगता येईल की नाही याची शंका आहे, कारण त्यातला निम्मा भाग माझ्याच तोंडून झाला आणि तरी तो माझा नव्हता.

आमचा कारखाना साताऱ्याच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याशी होता. विजेच्या खांबांवर तारा ज्यांना बांधतात ते चिनी मातीचे पांढरे कप तिथं बनत. मी पर्सोनेल खात्यात कारकून होतो आणि कारखान्याच्या छोट्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडं असायची. किल्ली सांभाळणं मला जमत होतं. बोलणं जमत नव्हतं. प आणि क ही अक्षरं आली की जीभ टाळूला चिकटायची. लोक सवयीनं माझी वाक्यं पुरी करून टाकत, आणि पुष्कळदा मी केली असती त्यापेक्षा बरी करत.

तातोबा कुंभार तपासणीच्या बाकावर बसायचा. भट्टीतून निघालेला कप डाव्या हातात तोलून धरायचा, उजव्या हातातल्या बाभळीच्या लहान हातोडीनं त्याला एकदा टिचकी द्यायची आणि कान लावायचा. कप खणखणीत वाजला तर कानावर खोचलेली काडी निळ्या रंगात बुडवून बुडाला एक ठिपका, आणि शेजारी कप ज्या टोपलीतून आला त्या पाटीचा आकडा. तो रंग पक्का असे, पावसापाण्यात जात नसे. कप बद्द वाजला तर बाजूच्या ढिगात. आतला तडा कुणाच्या डोळ्यांना दिसत नसे. तातोबाला तो ऐकू यायचा. सव्वीस वर्षं तो हेच करत होता. बोलायचा कमी. वाचनालयात मात्र कधीतरी यायचा, पंचांग बघायला.

एकदा मी त्याला तिथी सांगताना 'पंचमी'वर अडकलो. तो शांतपणे थांबला. माझं वाक्य पुरं न करणारा कारखान्यातला तो एकटाच.

"बुकवाले साहेब," माझी पंचमी सुटल्यावर तो म्हणाला, "तुमचं बोलणं अडकतंय, पर आवाज चोख हाय. तडा न्हाई."

मला इतकं बरं वाटलं की मी ते घरी बायकोलाही सांगितलं.

त्र्याण्णव साली तपासणीचं यंत्र आलं. कपाला विजेचा दाब द्यायचा, टिकला तर पास. बाकावरची माणसं जास्त झाली आणि वरून स्वेच्छानिवृत्तीची यादी आली. एकोणीस नावं. आमचे पर्सोनेल ऑफिसर डफळे साहेब महिनाभर एकेकाला बोलावून समजावत होते. अठरा सह्या झाल्या.

"एकोणिसावा तातोबा," डफळे साहेब म्हणाले. "मी म्हणतो सही कर. तो म्हणतो न्हाई. का नाही? तर न्हाई. घाटपांडे, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, 'न्हाई'शी वाद कसा घालायचा ते कुठं लिहिलंय का?"

"क... क..."

"कुठंच नाही. बरोबर." त्यांनी यादीवर पेन टेकवलं. "आकडा एकोणीसच पाहिजे असं आलंय. तातोबाचं नाव खोडलं तर दुसरं घालावं लागेल. वाचनालयाला वेगळा माणूस कशाला, असं वरचे विचारतच असतात."

माझं वय तेव्हा त्रेचाळीस. दुसरीकडं मुलाखत द्यायची म्हणजे आधी स्वतःचं नाव सांगावं लागणार, आणि माझं नाव मुकुंद आहे.

त्याच पंधरवड्यात हेड ऑफिसनं अष्टपुत्रे सरांना पाठवलं. नोटीस बोर्डावर लागलं: 'कामाच्या ठिकाणी संवाद व मन वळवण्याचे कौशल्य: वादविवादातून प्रशिक्षण. तीन दिवस.' आम्ही सहाजण होतो. जागा कारखान्याचं अतिथिगृह. सर पुण्याहून आलेले, साठीचे, कोरडे, काळ्या छत्रीला कापडी खोळ घालणारे. त्यांनी खोलीतलं सगळं सामान भिंतीला लावलं आणि मध्ये दोनच खुर्च्या समोरासमोर ठेवल्या.

"तीन पायऱ्या आहेत," ते म्हणाले. "पहिली. या खुर्चीत बसून समोरच्याचं म्हणणं मांडायचं. पूर्वपक्ष. 'तो म्हणतो' असं म्हणायचं नाही, 'मी म्हणतो' म्हणायचं. तो माणूस दाराशी उभा राहून ऐकत असेल तर त्यानं म्हटलं पाहिजे, हेच मला सांगायचं होतं. दुसरी पायरी. उठून समोरच्या खुर्चीत बसायचं आणि त्याला उत्तर द्यायचं. तिसरी. परत पहिल्या खुर्चीशी यायचं, तिच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'जे बोललो ते तुमचं. परत घ्या.'"

"आणि नाही म्हटलं तर, सर?" आमचा टाइमकीपर पाखरे म्हणाला. "चोरीचा माल धरणार का?"

सगळे हसले. सर हसले नाहीत.

"माझे गुरुजी ते म्हणायला लावत, म्हणून मी लावतो. एकदा मी विसरलो होतो."

"मग काय झालं?"

"पुढं कोण बसतंय?" सर म्हणाले.

दोन दिवस चांगले गेले. पाखरेनं कँटीनच्या कंत्राटदाराचा पूर्वपक्ष मांडला. चहात पाणी का घालावं लागतं हे तो इतक्या कळवळ्यानं बोलला की आम्हाला त्या कंत्राटदाराची दया आली. मग खुर्ची बदलून त्यानंच त्याला झोडपलं. शेवटी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यानं "जे बोललो ते तुमचं, परत घ्या" म्हटलं. तेही हसत हसत, पण म्हटलं. माझी पाळी आली की मी दोन वाक्यांत अडकायचो आणि सर म्हणायचे, "असू दे. उद्या."

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर डफळे साहेब स्वतः येऊन मागच्या खुर्चीवर बसले. मांडीवर फाइल होती.

"आता खराखुरा विषय घेऊ," ते म्हणाले. "तातोबा कुंभार. सही का करत नाही. घाटपांडे, तुम्ही बसा."

मी खिशातून कागद काढला. रात्री चार मुद्दे लिहून ठेवले होते: वय, सवय, घरची जबाबदारी, यंत्राबद्दल अविश्वास. पाखरे मध्येच उठला आणि त्यानं माझ्या हातात काहीतरी ठेवलं. तातोबाची हातोडी.

"बाकावर पडली होती. तो जेवायला गेलाय. वस्तू हातात असली की सोपं जातं, नाही का सर?"

सर काहीतरी बोलणार होते, पण डफळे साहेब म्हणाले, "चला, चला."

हातोडीची मूठ झिजून तिच्यात अंगठ्याची खोबण पडली होती. माझा अंगठा तिथं बरोबर बसला. लाकूड कोमट होतं. मी कागदाकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. पहिला शब्द 'माझं' असा ठरवलेला होता. आला तो वेगळाच.

"रंगा खांबावर चढला तवा पाऊस उघडला व्हता," मी म्हणालो.

आवाज माझाच होता, पण तो छातीच्या खालच्या बाजूनं येत होता, जिथून मी कधी बोललो नव्हतो.

"रंगा माझा धाकला भाऊ. लायनीवर व्हता. वरचा कप तडकल्याला, त्यात पाणी शिरलं, खांबात वीज उतरली. त्येला खाली काढला तवा हाताची मूठ उघडंना. लोक त्येच्याभवती. मी खाली पडल्यालं कपाचं तुकडं गोळा करत व्हतो. आई वरडली, भाऊ मेला आन् खापऱ्या कसल्या येचतोस? मला बूड पायजे व्हतं. घावलं. बुडाला निळा ठिपका. माझ्या हातचा."

माझा हात हातोडीनं गुडघ्यावर ठोके देत होता. एक, थांबून एक. मी ते थांबवू शकत होतो असं मला वाटत होतं, पण थांबवलं नाही.

"ठिपक्याशेजारी पाटीचा आकडा. त्यो मला पाठ. माझ्या शालनचं बारसं व्हतं त्या दिसाची शेवटची पाटी. पाव्हणं येऊन बसल्यालं, मला घरी जायाचं व्हतं. चाळीस कप ऱ्हायलं व्हतं. म्या त्यातला एकबी वाजवला न्हाई. नुसतं ठिपकं दिलं. चाळीस ठिपकं. एक रंगाच्या वाट्याला आला. एकुणचाळीस कुठंतरी हायेत. त्या दिसापासनं माझ्या हातनं न वाजवता एक कप गेला न्हाई. सही केली तर बाकावरनं उठावं लागंल. मी उठलो तर ती पाटी तशीच ऱ्हाती. म्हून न्हाई."

कागदावरचे चार मुद्दे माझ्या दुसऱ्या हातात होते. तातोबाला भाऊ होता हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्या मुलीचं नावही मला ठाऊक नव्हतं.

सगळे माझ्या मागं बघत होते. मी वळलो. दारात तातोबा उभा होता. हातोडी शोधत आला असावा. काडी कानावर होती आणि तिचं टोक अजून ओलं होतं.

तो माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. विहिरीत पडलेली आपली वस्तू काठावरून बघावी तसा.

"व्हय," तो म्हणाला. "ह्येच."

ते त्याचे शेवटचे शब्द. निदान मी ऐकलेले.

"आपण इथं थांबू," अष्टपुत्रे सर म्हणाले. ते उभे राहिले होते.

"का म्हणून?" डफळे साहेब हळूच म्हणाले. "हेच तर तो महिनाभर सांगत नव्हता. घाटपांडे, दुसरी पायरी. खुर्ची बदला."

मी बदलायला नको होतं. पण मी त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा न अडखळता बोललो होतो. खोलीतली सगळी माणसं माझं पुढचं वाक्य ऐकायला थांबली होती आणि त्यातलं कुणीही ते माझ्यासाठी पुरं करत नव्हतं. हे सुख काय असतं ते ज्यांना बोलता येतं त्यांना समजावता येणार नाही. मी उठून समोरच्या खुर्चीत बसलो. हातोडी माझ्याच हातात होती.

आता समोर रिकामी खुर्ची होती आणि तिच्या मागं दारात तातोबा. मी त्याच्याकडं बघून बोलू लागलो.

"तातोबा, तुम्ही म्हणता त्या दिवशी तुम्ही कप वाजवले नाहीत. कशावरून?"

त्याच्या भुवया जराशा हलल्या.

"बावीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ. चाळीस कप. वाजवले नाहीत असं तुम्हाला आठवतं, कारण तसं आठवणं सोपं आहे. घाई झाली, चूक झाली, तेवढ्यापुरती झाली. पण समजा तुम्ही वाजवले होते. रोजच्यासारखा एकेक कप उचलला, टिचकी दिली, कान लावला, आणि तुम्हाला तडा ऐकू आला नाही. मग? मग तुमचा कान तेव्हाच गेला होता. मग ती एक पाटी राहत नाही, तातोबा. त्यानंतरची प्रत्येक पाटी तशीच. बावीस वर्षं, रोजचे हजार. त्या खांबांवर कुणाकुणाचे भाऊ चढले असतील? तुम्ही बाकावर बसून ती पाटी पुरी करत नाही आहात. तुम्ही रोज नवीन भरता आहात."

एकही अक्षर अडलं नाही. प नाही, क नाही. हे मला आधीपासून सुचलेलं नव्हतं. एक वाक्य संपायच्या आत पुढचं तयार असायचं. ते खोटं आहे हे मला बोलतानाच कळत होतं. तातोबासारखा कान सबंध जिल्ह्यात कुणाचा नव्हता, आणि त्या संध्याकाळी त्यानं कप वाजवलेच नव्हते. काही क्षणांपूर्वी मी स्वतः ते आतून पाहिलं होतं. कपांचा तो ढीग, घराकडं लागलेलं मन, काडी भराभर टेकवणारा हात. त्याचं खरं काय ते खोलीत त्याच्याखालोखाल मलाच ठाऊक होतं. म्हणूनच मला घाव नेमका घालता आला.

"यंत्राला घाई नसते," मी शेवटी म्हणालो. "यंत्राच्या घरी बारसं नसतं. उठा आता."

तातोबानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले. बराच वेळ हलले. मी ते ओळखलं, कारण तसं तोंड मी आरशात पाहिलेलं होतं. पण त्याचं अक्षर अडकलेलं नव्हतं. तिथं अक्षरच नव्हतं.

डफळे साहेब तोवर फाइल उघडून त्याच्याजवळ पोचले होते.

"तिसरी पायरी राहिली," अष्टपुत्रे सर म्हणाले. "घाटपांडे, इकडं या. या खुर्चीशी."

"एक मिनिट, सर," डफळे साहेब म्हणाले. "तातोबा, इथं. आणि इथं."

तातोबानं दोन ठिकाणी सही केली. तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसाची, प्रत्येक अक्षर वेगळं काढलेली. मग तो माझ्यासमोर आला. माझ्या हातातून त्यानं हातोडी घेतली, अंगठा खोबणीत ठेवला आणि माझ्या छातीच्या हाडावर अलगद एक टिचकी दिली. मान तिरकी करून कान लावला. खोलीत पंख्याचा आवाज होता, तो मला ऐकू येईनासा झाला.

मग त्यानं कानावरची काडी काढली आणि माझ्या सदऱ्याच्या खिशावर एक निळा ठिपका दिला.

तो गेल्यावर पाखरे म्हणाला, "पास झालास, घाटपांडे." नेहमीसारखं कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं त्यानं मला कोपऱ्यात गाठलं. "त्या भावाचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"जुन्या तक्रारींच्या फायली वाचनालयात आहेत. तिथं वाचलं असशील."

"असेल," मी म्हणालो. पुढं महिनाभर मी एकेक फाइल काढून पाहिली. त्यात काही नव्हतं.

संध्याकाळी सर एस.टी.ची वाट बघत फाटकाशी उभे होते. मी त्यांची बॅग घेऊन गेलो.

"सर, ते माझ्या तोंडून कसं आलं?"

"परत दिलंत का?"

"हातोडी तातोबा घेऊन गेला."

"मी हातोडीचं विचारत नाही, घाटपांडे."

"उद्या त्याच्या घरी जाऊन म्हणतो. जे बोललो ते तुमचं, परत घ्या."

"उद्या नक्की जा," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून त्यांनी छत्रीची खोळ उगाच नीट केली. "बोलता आहात छान. कुठं अडलं नाही."

खुर्ची सोडल्यावरही ते तसंच चालू होतं, हे तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. घरी बायकोला एक सबंध गोष्ट सांगितली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. किराणावाल्याशी हुज्जत घातली. आरशासमोर उभा राहून नाव सांगितलं: मुकुंद पांडुरंग घाटपांडे. पाच वेळा सांगितलं. परत दिलं तर हे जाईल, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. पण मला ते ठाऊक होतं.

पाच महिन्यांनी शालनचं पत्र आलं. त्याच्या शेवटच्या दोन ओळी अशा: 'बाबा दिवेलागणीला घरातले एकेक भांडे वाजवून बघतात. काही विचारले की पाटीवर एकच लिहितात, माझे बोलणे बुकवाल्याकडे आहे.'

उत्तर न देण्याचं कारण मी स्वतःला असं सांगत आलो की, त्या पोरीला काय लिहायचं? तुझ्या बारशाच्या घाईत तुझा काका गेला, असं? हे कारण चांगलं होतं. ते मला तीस वर्षं पुरलं. पुढं हेड ऑफिसनं मलाच प्रशिक्षणाला घेतलं. बँका, साखर कारखाने, नगरपालिका. दोन खुर्च्या मांडून मी शेकडो माणसांना बोलायला शिकवलं. तिसरी पायरी मी प्रत्येकाकडून म्हणवून घ्यायचो. लोक विचारत, न म्हटलं तर काय होतं? मी म्हणायचो, "पुढं कोण बसतंय?"

तो सदरा बायकोनं चारदा धुतला, एकदा धोब्याच्या भट्टीत दिला. ठिपका गेला नाही. ती गेली त्यालाही आता सहा वर्षं झाली. सदरा ट्रंकेत होता.

मागच्या महिन्यात खोकला राहीना म्हणून डॉक्टरांकडं गेलो. तरुण डॉक्टर, हसतमुख. त्यांनी मला पाठमोरं बसवलं, डाव्या हाताचं बोट पाठीवर टेकवलं आणि उजव्या बोटानं त्यावर टिचकी दिली. एक जागा, मग दुसरी. मग मान तिरकी करून तिथंच पुन्हा.

"काका, इथं जरा बद्द वाजतंय," ते म्हणाले. "घाबरू नका. फोटो काढून घेऊ."

मी फोटो काढायला गेलो नाही. तिथून सरळ घरी आलो आणि शब्दकोश उघडला.

पत्र लिहायला चार दिवस लागले. सुरुवात तीच: 'चि. शालन हिस.' या वेळी पुढं सुचलं. खोलीत मी तातोबाच्या तोंडचं जे बोललो ते जसंच्या तसं लिहिलं, खापऱ्यांसकट, बारशासकट. मग मी दिलेलं उत्तर लिहिलं आणि त्याखाली लिहिलं की हे खोटं होतं. तुझ्या बाबांचा कान शेवटच्या दिवसापर्यंत चोख होता. चाळीस कप त्यांनी वाजवले नव्हते, हेच खरं. बाकीचे सगळे वाजवले होते, हेही खरं. मी ते खोटं बोललो, कारण यादीत पुढचं नाव माझं होतं आणि कारण मला बोलता येत होतं. त्यांनी मला टिचकी देऊन पास केलं, ते कान गेला म्हणून नव्हे. माझं बोलणं पटलं असं त्यांना मला दाखवायचं होतं, की दुसरं काही, ते मला आजही कळलेलं नाही. ठिपका परत पाठवतो आहे.

शेवटी लिहिलं: 'बाबा असतील तर हे त्यांच्यासमोर मोठ्यानं वाच. नसतील तरी मोठ्यानं वाच. जे बोललो ते तुमचं. परत घ्या.'

सदऱ्याचा खिसा कात्रीनं कापला आणि चौकोनी तुकडा पाकिटात घातला.

पोस्टात सकाळची गर्दी ओसरली होती. रजिस्टरच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. तिनं पाकीट काट्यावर ठेवलं आणि बोटांनी चाचपलं.

"आजोबा, कागदाशिवाय काय आहे आत? मऊ लागतंय."

"क..." मी म्हणालो.

ती थांबली.

"क... क..."

माझ्या मागं उभ्या असलेल्या माणसानं घड्याळ बघितलं. मुलीनं डोळे वर केले, घाई केली नाही. पेन खाली ठेवून ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. माझ्या छातीत ती जुनी, ओळखीची गाठ आली, आणि मी तिथंच उभ्या उभ्या ती सुटायची वाट बघू लागलो.

"कापड," मी म्हणालो.

"बरं. आणि पाठवणाऱ्याचं नाव?"

नाव सांगायला मला फार वेळ लागला. तिनं ते पुरं होऊ दिलं आणि मग लिहिलं. पाकिटावर शिक्का मारला, पावती माझ्याकडं सरकवली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.